बदलून घेतलेला नवस

पुण्यामुंबईहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या सहली आल्प्सवर बहुधा उत्तरेकडून चढतात. इंटरलाकेन, तिथून दातेरी रुळांची गाडी, आयगर शिखराच्या पोटातला बोगदा आणि शेवटी 3454 मीटरवरचं युंगफ्राउयोख. बर्फात फोटो काढायचे, ‘बॉलिवूड’ नावाच्या उपाहारगृहात भात-आमटी खायची आणि अंधार पडायच्या आत खाली यायचं. मीही पूर्वी तसंच केलं होतं आणि मला मजा आली होती. त्याबद्दल उगाच नाक मुरडणार नाही. पण तिथल्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिलं की एक रुंद पांढरा पट्टा वळण घेत डोंगरांआड जाताना दिसतो. ती आलेच हिमनदी, आल्प्समधली सर्वांत मोठी. ती जिथे जाते तिकडे आपल्या सहली जात नाहीत.

या खेपेला मी त्या बाजूला गेले. भाचा बाझलला नोकरी करतो, तो सोबत होता. कुठे जायचं आहे हे सांगितल्यावर म्हणाला, “मावशी, एवढ्या लांब डोंगर बघायला येतेस आणि म्युझियममध्ये कशाला बसायचं?”

प्रश्न रास्त होता. युंगफ्राउ-आलेच हा आल्प्समधला पहिला नैसर्गिक जागतिक वारसा. 2001 मध्ये त्याला युनेस्कोची मान्यता मिळाली, 2007 मध्ये त्याची हद्द वाढली आणि आता तो बर्न व वालिस या दोन प्रांतांत मिळून 824 चौरस किलोमीटर पसरला आहे. त्यातली शिखरं चार हजार मीटरच्या वर जातात, आणि त्यांची ओळख करून देणारं ‘वर्ल्ड नेचर फोरम’ मात्र आहे 673 मीटरवर, नातर्स गावात, रेल्वेच्या रुळांजवळ.

बर्नहून निघालेली गाडी 34.6 किलोमीटरच्या ल्योचबर्ग पायथा बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते तेव्हा हवाच बदललेली असते. उत्तरेला हिरवी कुरणं, ढग, पाऊस. इकडे लख्ख ऊन, करडे कोरडे उतार, द्राक्षमळे. ब्रिगला उतरलो. गावात कास्पार श्टोकआल्पर या सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्याचा तीन मनोऱ्यांचा वाडा आहे. मिठाची मक्तेदारी आणि भाडोत्री सैनिक पुरवण्याचा धंदा यांवर त्याने तो उभारला. वाडा देखणा आहे, पण आम्ही रेंगाळलो नाही. ऱ्होन नदीवरचा पूल ओलांडला की नातर्स. 1898 ते 1906 या काळात सिंप्लॉनचा बोगदा खोदला गेला तेव्हा इटालियन मजूर याच गावात बिऱ्हाडं करून राहिले आणि डोंगरकडेचं खेडं फुगलं.

2016 मध्ये उघडलेलं हे संग्रहालय बाहेरून एखाद्या नव्या कचेरीसारखं दिसतं. आत काचेच्या पेटीतली सूचना वाचत पुढे सरकायचं असा प्रकार नाही. हात लावायचा, फिरवायचं, सरकवायचं, कान लावायचा. मोठ्या रुंद पडद्याच्या दालनात बसलं की पाखराच्या नजरेने शिखरांवरून नेऊन आणतात. चित्रण अप्रतिम आहे, पण अशी दृश्यं आता फोनवरही दिसतात, त्यामुळे मी त्या दालनात फार रमले नाही. शाळेची पोरं एका पडद्यावरून दुसऱ्याकडे धावत होती. त्यांना बटण दाबण्यात जास्त रस, उत्तरात कमी. हाताळायच्या संग्रहालयांचा हा दोष जगभर सारखाच आहे.

मी अडकले ती काळाच्या खेळापाशी. आफ्रिकेकडचा भूखंड युरोपवर रेटला जातो, समुद्रतळाच्या वळ्या पडून डोंगर उठतात, हिमयुगं येतात नि जातात. शेवटी आलेच हिमनदी 1850 च्या सुमारास फुगून खाली उतरते आणि मग मागे हटू लागते. आज तिची लांबी सुमारे 20 किलोमीटर आहे. गेल्या दीडेकशे वर्षांत ती तीन किलोमीटरहून अधिक आखडली. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये मांडलेला हिशेब असा, की पॅरिस करार पाळला तरी 2100 पर्यंत तिचा निम्मा बर्फ जाईल. तापमान वाढतच राहिलं तर इथे तिथे काही तुकडे उरतील.

“वर जाऊन हे दिसलं नसतं,” भाचा आपणहून म्हणाला. डोंगर डोळ्यांना फक्त आजचा दिवस दाखवतो. तो कालचा कसा होता हे कळायला नातर्ससारख्या तळातल्या गावाची आठवण लागते, आणि माझ्या मते हे संग्रहालय इथेच असायला हवं होतं.

हिमनदी वाहते आणि एके काळी ती फार दूरवर पोचली होती, हे लवकर ओळखणाऱ्यांत वालिसची माणसं होती. जाँ-पिएर पेरोदाँ हा बान्य खोऱ्यातला शिकारी. खडकांवरचे ओरखडे आणि भलत्याच जागी पडलेले प्रचंड धोंडे पाहून तो म्हणे, हे बर्फाने आणून टाकलेत. लोकांना ते हास्यास्पद वाटे. पण प्रांताचा अभियंता इग्नाझ वेनेत्स याने ते मनावर घेतलं, पुढे ते लुई अगासीपर्यंत पोचलं. अगासीने 1840 मध्ये उंटरआर हिमनदीवर एका मोठ्या खडकाच्या आडोशाला तळ ठोकला, त्याला गमतीने ‘हॉटेल’ म्हटलं आणि बर्फाची चाल मोजायला घेतली. ती हिमनदी आज याच वारसा क्षेत्रात मोडते. त्याच वर्षी त्याचा हिमनद्यांवरचा ग्रंथ निघाला आणि हिमयुगाची कल्पना जगभर गेली. नाव अगासीचं झालं, शिकाऱ्याचं मागे राहिलं.

मग पाण्याचा विषय. वरचा वालिस हा स्वित्झर्लंडमधला सर्वांत कोरडा टापू आहे. दोन्ही बाजूंचे डोंगर ढग अडवतात आणि खोऱ्यात पाऊस फारच कमी येतो. माथ्यावर बर्फाचा साठा आणि पायथ्याशी करपलेलं गवत. त्यामुळे मध्ययुगापासून इथल्या गावांनी हिमनद्यांच्या पाण्याचे पाट काढले, ज्यांना इथे ‘सुओने’ म्हणतात. जिथे नुसता कडा, तिथे खडकात मेखा ठोकून लाकडी पन्हळी टांगल्या. दर वसंतात त्या दुरुस्त करताना माणसं दरीत पडून मरत. कुणाची पाळी किती वेळ, हे लाकडी दांड्यांवर खाचा पाडून नोंदवलेलं असे. तीच त्यांची कागदपत्रं. पाटात एक छोटं पाणचक्र बसवलेलं असे आणि ते एक लाकडी हातोडा आपटत राही. ठक ठक ऐकू येतंय तोवर पाणी चालू. आवाज थांबला की रखवालदाराने ओळखायचं, वर कुठे तरी पाट फुटला, आणि रात्री-अपरात्री निघायचं. मला धुळे-नाशिककडची फड पद्धत आठवली. पांझरेच्या काठीही गावांनीच बंधारे बांधले, पाळ्या ठरवल्या, पाटकरी नेमले. तिथला पाटकरी आणि इथला रखवालदार यांना एकमेकांचं काम समजावून सांगावं लागलं नसतं. आल्प्ससह युरोपातल्या या पारंपरिक सिंचनाला युनेस्कोने 2023 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

बर्फ जगवायचा तसाच मारायचाही. सतराव्या शतकात हवा गारठली, हिमनद्या खाली सरकू लागल्या. आलेचच्या कडेला मेर्येलेन नावाचं तळं होतं. त्याची एक बाजू म्हणजे हिमनदीची भिंत. ती भिंत दगा द्यायची आणि सगळं पाणी एकदम सुटायचं, कधी बर्फाखालून मास्सा नदीवाटे नातर्सच्या दिशेला, कधी दुसऱ्या अंगाने फीशरतालात. शेतं, पूल, गुरं, सगळं जायचं. 1678 मध्ये फीश आणि फीशरताल इथल्या लोकांनी नवस बोलला: आम्ही सदाचाराने राहू, प्रार्थना करू, देवाने हिमनदी आवरावी. नवसाला रोमची मान्यता होती. 1862 पासून त्यासाठी मिरवणूक निघू लागली, 31 जुलैला, संत इग्नाशियसच्या दिवशी. याच सुमाराला हिमनदी मागे हटायला लागली होती. तळ्याचं पाणी काढून द्यायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बोगदा खोदला, तोवर भिंतच खचत आली होती आणि बोगद्याचं काम नावालाच उरलं.

मिरवणूक मात्र चालू राहिली. वर्षानुवर्षं लोक बर्फ कमी होऊ दे म्हणून चालत होते आणि बर्फ कमी होत होता. मग पाणी आटण्याची भीती आली. पण नवस बोललेला, रोमने मंजूर केलेला. आपल्या मनाने तो बदलायचा कसा? 2009 मध्ये गावकऱ्यांनी रीतसर व्हॅटिकनकडे परवानगी मागितली आणि 2010 मध्ये ती मिळाली. आता त्याच दिवशी ते हिमनदी वाढावी, निदान टिकावी म्हणून प्रार्थना करतात. आपल्याकडे पावसासाठी देव पाण्यात घालून बसतात; पण आधी मागितलेलं परत करण्यासाठी असा अर्ज कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. या भागातून पोपच्या रक्षक दलात पिढ्यान्पिढ्या तरुण भरती होत आले आहेत, नातर्सला त्या दलाचं वेगळं संग्रहालयही आहे, तेव्हा रोमला पत्र धाडणं इथे तसं घरचंच काम.

बाहेर पडून चर्चपाशी गेलो. तिथे 1514 मध्ये बांधलेलं अस्थिगृह आहे, भिंतभर रचलेल्या सुमारे 31 हजार कवट्या. आम्ही तुमच्यासारखे होतो, तुम्ही आमच्यासारखे व्हाल, अशा अर्थाचं वचन तिथे लिहिलेलं आहे. भाच्याला ते भीषण वाटलं. जागा कमी, म्हणून जुन्या पुरलेल्यांची हाडं काढून नव्यांना जागा करायची. मला तर ते फार व्यवहारी वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोरेलहून गोंडोला धरून रीडरआल्पला आणि तिथून मोसफ्लूला चढलो. वाटेत, रीडरफुर्काच्या खांद्यावर, बँकर अर्नेस्ट कॅसलने 1902 मध्ये बांधलेला बंगला आहे. तरुण विन्स्टन चर्चिल तिथे उतरला होता. गाईंच्या घंटांनी त्याच्या लिखाणात व्यत्यय आला म्हणून कॅसलने गुराख्यांना पैसे देऊन घंटांत गवत कोंबायला लावलं, असं सांगतात. 1976 पासून त्या बंगल्यात निसर्गशिक्षणाचं केंद्र आहे आणि शेजारचं आलेचचं जंगल 1933 पासून राखीव आहे.

मोसफ्लूवरून हिमनदी खाली आडवी दिसते, मधोमध दगडगोट्यांच्या दोन काळ्या रेघा घेऊन. ती स्थिर वाटते, पण वर कोंकॉर्डियाप्लात्सपाशी, जिथे बर्फाची जाडी सुमारे 800 मीटर आहे, ती वर्षाला दीडशे मीटरहून अधिक सरकते. त्या जागेच्या वरच्या कड्यावर 1877 मध्ये गिर्यारोहकांसाठी खोपी बांधली तेव्हा ती बर्फापासून सुमारे 50 मीटर उंच होती. बर्फ खचत गेला तशा खाली शिड्या-जिने जोडत गेले. आता साडेचारशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात.

समोरच्या काठावर बेलआल्प. जॉन टिंडल या आयरिश भौतिकशास्त्रज्ञाने तिथे 1877 मध्ये घर बांधलं. हिमनद्यांवर त्याचं अपार प्रेम. आणि याच माणसाने 1859 मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत दाखवलं होतं, की बाष्प आणि कार्बन डायॉक्साइडसारखे वायू उष्णता धरून ठेवतात. ज्या कारणाने ही नदी आज आटते आहे ते मोजलेला माणूस उन्हाळाभर तिच्याकडे पाहत बसायचा.

मोसफ्लूचा उतारही जागेवर नाही. बाजूला बर्फाचा टेकू होता तो गेला, म्हणून डोंगर खाली सरकतो आहे. 2015 मध्ये गोंडोल्याचं स्थानक नव्याने बांधताना ते जमिनीबरोबर हलवून पुन्हा सरळ करता येईल अशा बेताने बांधलं. स्विस इंजिनियरांची ही तयारी पाहून कौतुक वाटलं, पण सगळीकडे तसं जमत नाही. ब्रिगच्या स्थानकाबाहेर ‘ब्लाटेन’ लिहिलेल्या बसेस लागतात. हे ब्लाटेन नातर्सच्या वरचं, बेलआल्पला जाणारं. ते सुखरूप आहे. दुसरं ब्लाटेन ल्योचेनतालात होतं. तिथे बिर्श हिमनदीवर वरच्या शिखराचे खडक कोसळून साठत गेले. 19 मे 2025 ला सुमारे 300 गावकऱ्यांना गुरांसकट हलवलं आणि 28 मे ला दुपारी हिमनदी सगळ्या ओझ्यासह गावावर आली. बहुतेक घरं गाडली गेली, राहिली ती अडलेल्या नदीच्या पाण्यात बुडाली. एक माणूस दगावला. ब्रिगला येताना आम्ही बोगद्यातून आलो होतो ते त्याच खोऱ्याच्या खालून.

परतीच्या गोंडोल्यात फीशकडचे एक आजोबा भेटले, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात काठी. भाच्याने जर्मनमधून विचारलं, ती 31 जुलैची मिरवणूक अजून निघते का? निघते, पहाटेच, ते म्हणाले. मी लहानपणापासून जातो. मग, नव्या नवसाचा काही उपयोग होतोय का?

आजोबांनी खिडकीबाहेर पाहत जरा विचार केला. “जुन्याला फळ यायला दोनशे वर्षं लागली होती,” ते म्हणाले, “आणि मग ते थांबेचना. याला तर अजून वीससुद्धा झाली नाहीत.”