उत्तर नेमकं कुणी दिलं?



आपण वर्गात दिवसातून किती वेळा विचारतो, "समजलं का रे सगळ्यांना?" आणि एका सुरात उत्तर येतं, "हो बाई!" हे उत्तर ऐकून मलाही इतकी वर्षं बरं वाटायचं. पण दसऱ्यानंतर पिरंगुटच्या एका छोट्या कारखान्यात मी जे पाहिलं, तेव्हापासून त्या "हो"वर मी पटकन विश्वास ठेवत नाही. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

आमची शाळा मुळशी तालुक्यातली. पुण्याहून पौडकडे येताना पिरंगुटच्या आसपास किती कारखाने लागतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. आमच्या मुलांचे बरेच पालक तिथेच कामाला जातात. मुलांना एकदा कारखाना आतून दाखवावा, म्हणून परवानगी विचारायला मी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेले. माझा एक जुना विद्यार्थी तिथे देखभालीचं काम बघतो.

मी पोहोचले तेव्हा पॅकिंग विभागात गडबड चालली होती. माल तयार, खोकी भरलेली, बाहेर टेम्पो उभा. पण खोक्यांवर लावायची लेबलं निघत नव्हती. बारकोडचं लेबल नसेल तर माल बाहेर जाऊ शकत नाही.

हा प्रिंटर आपल्या शाळेच्या ऑफिसातल्यासारखा नसतो. त्यात लेबलांचा रोल असतो आणि रिबनवरचा रंग उष्णतेने लेबलवर उतरतो. संगणकाशी तो नेटवर्कच्या केबलने जोडलेला असतो. संगणकावरचा मुलगा पुन्हा पुन्हा 'प्रिंट' दाबत होता. कुणी म्हणालं, प्रिंटर गेला. मीही म्हटलं, "अरे, बंद करून चालू कर ना."

तो हसला. "बाई, आधी बघू तर दे. सगळं एकदम हलवलं तर बिघाड कुठे होता तेच कळत नाही."

मग त्याने एकेक गोष्ट तपासली. आधी प्रिंटरवरचं बटण दाबून त्याचं स्वतःचं माहिती-लेबल छापलं. ते स्वच्छ आलं. म्हणजे रोल, रिबन आणि छापणारा भाग ठीक. केबल जिथे लावतात तिथला दिवा लुकलुकत होता. म्हणजे केबलही ठीक. मग त्याने संगणकावरून 'पिंग' केलं.

पिंग म्हणजे काय? नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. ० ते २५५ मधले चार आकडे, मध्ये टिंबं. संगणक त्या पत्त्यावर छोटीशी हाक मारतो आणि तिथलं यंत्र ओ देतं. पाणबुडीतलं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतं, त्यावरून हे नाव पडलं. १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि आजही तो रोज वापरला जातो.

संगणकात प्रिंटरचा पत्ता होता १९२.१६८.१.४०. हाक मारली आणि लगेच ओ आली. मी म्हटलं, "झालं की! बोलतोय तो."

तो म्हणाला, "कुणीतरी बोलतंय, बाई. पण तो प्रिंटरच आहे कशावरून?"

आणि त्याने प्रिंटरची केबल काढून हातात धरली. पुन्हा पिंग केलं. तरीही ओ आली!

मी बघतच राहिले. मग त्याने मघाचं माहिती-लेबल वाचून दाखवलं. प्रिंटरचा खरा पत्ता होता १९२.१६८.१.४५. झालं असं होतं, की दसऱ्याच्या सुट्टीत राउटरसकट सगळं बंद होतं. तिथे पत्ते राउटर आपोआप वाटतो. एरवी प्रिंटर कधी बंदच होत नसे, म्हणून त्याचा पत्ता टिकून होता. सुट्टीनंतर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र आधी चालू झालं आणि ४० क्रमांक त्याला मिळाला. संगणक बिचारा जुन्याच पत्त्यावर लेबलं पाठवत होता.

दुरुस्ती पाचच मिनिटांची. आधी त्याने संगणकात अडकलेली जुनी कामं काढून टाकली, नाहीतर एकाच क्रमांकाची दोन-दोन लेबलं निघाली असती. मग प्रिंटरला राउटरच्या वाटपाबाहेरचा एक कायमचा पत्ता दिला आणि तोच संगणकात भरला. एक लेबल छापून स्कॅन करून बघितलं. शेवटी तो पत्ता लिहून प्रिंटरलाच चिकटवला. टेम्पो गेला.

घरी येताना माझ्या डोक्यात मात्र आमच्या वर्गातली एक मुलगी होती.

नाव सांगत नाही. शांत मुलगी. भागाकाराची गणितं हमखास चुकायची. पालकसभेत मी तिच्या आईला सांगून टाकलं होतं, "गणितात कच्ची आहे हो." आईने घाबरून तिची संध्याकाळची कबड्डी बंद केली आणि तिला रोज भागाकाराची दहा गणितं घालायला लागली. पण वर्गात मी "समजलं का?" विचारलं की सगळ्यांबरोबर तिचंही तोंड हलायचं. ओ यायची, पण ती दुसरंच कुणी देत होतं.

सोमवारी मी तिला मधल्या सुट्टीत जवळ बसवलं. पहिल्यापासून शिकवलं नाही, फक्त एकेक गोष्ट तपासली. सहाचा पाढा विचारला, बरोबर. वजाबाकी दिली, बरोबर. ६१२ ही संख्या वाचायला लावली, बरोबर. मग ६१२ भागिले ६ करायला दिलं आणि गप्प बसून बघत राहिले. तिने सहाला भाग दिला, १ लिहिला. एक खाली घेतला. एकाला सहाने भाग जात नाही म्हणून लगेच दोन खाली घेतला. बाराला भाग दिला, २ लिहिला. उत्तर १२.

भाग जात नाही तिथे शून्य लिहायचं, एवढंच तिला माहीत नव्हतं. बाकी सगळं येत होतं!

मी विचारलं, "६१२ रुपये सहा जणींना वाटले, तर प्रत्येकीला शंभराची एक नोट तरी मिळेल की नाही?" ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मिळेल. म्हणजे बारा कसं येईल, बाई?" आणि तिने स्वतःच मध्ये शून्य घातलं. १०२.

संध्याकाळी मी तिच्या आईला फोन केला. म्हटलं, "ताई, मी चुकीचं बोलले होते. ती कच्ची नाही. एक शून्य राहत होतं, आणि ते मला आधी दिसायला हवं होतं. तिला कबड्डीला पाठवा."

शिक्षक मित्रांनो, प्रत्येक मुलाजवळ असं बसायला वेळ कुठून आणायचा, हे मलाही पडलेलं कोडं आहे. मी एवढंच सुरू केलंय. "समजलं का?" विचारायच्या ऐवजी एक छोटं उदाहरण देते, प्रत्येकाने पाटीवर सोडवून पाटी वर धरायची. मग ओ कुणाची आली ते दिसतं. ज्याचं चुकतं, त्याच्यापाशी पाच मिनिटं बसते.

आणि पालकहो, "तुमचं मूल अमुक विषयात कच्चं आहे" असं आम्ही म्हटलं, तर आम्हाला जरूर विचारा, "नेमकं कुठे अडतंय?" सांगता आलं नाही, तर आमचंच तपासायचं राहिलं आहे असं समजा. खोक्यावरचं चुकीचं लेबल काढून दुसरं लावता येतं. मुलाला लावलेलं मात्र लवकर निघत नाही.