फुरसतीचा हिशेब



दर रविवारी रात्री आम्ही एका वहीत आठवड्याचा हिशेब लिहितो. पैशांचा नव्हे. काय वाचले, काय पाहिले, काय ऐकले, एवढाच. गेल्या महिन्यात चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ती वही चाळली आणि विचारले, "एवढा वेळ मिळतो तुम्हाला?" त्यांच्या बोलण्यात खोच होती की नुसते आश्चर्य, हे आम्हाला अजून कळलेले नाही. पण प्रश्न लागला. बैठका, निवेदने, शिष्यवृत्तीचे अर्ज, अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात पोलीस ठाण्याच्या चकरा, हे सगळे सोडून आपण कादंबऱ्या वाचत बसलो की काय, असे त्या रात्री वाटत राहिले. तेव्हा गप्प बसलो होतो. आज या आठवड्याची वही तुमच्यासमोर उघडतो, त्यात उत्तर आले तर आले.

सोमवारी इंग्रजी खंडांतला नववा खंड काढला. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, हे विचारणारे बाबासाहेबांचे 1945 सालचे पुस्तक त्यात आहे. पुणे कराराच्या संदर्भासाठी आपण ते नेहमी उघडतो आणि तेवढी पाने पाहून मिटतो. आम्हीही तेच करत आलो. या वेळी गांधीवादावरचे प्रकरण सलग वाचले. त्यात बाबासाहेब फुरसतीबद्दल लिहितात, हे आमच्या लक्षातच नव्हते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. माणूस जनावरापेक्षा वेगळा आहे तो संस्कृतीमुळे, आणि संस्कृतीला फुरसत लागते. ज्याचा सगळा दिवस पोटामागे जातो त्याच्या वाट्याला ती येत नाही. यंत्र माणसाचे कष्ट कमी करते, म्हणून यंत्र हवे. यंत्रामुळे पिळवणूक होत असेल तर दोष समाजरचनेचा आहे, तो यंत्राच्या माथी मारू नका. चरख्याकडे आणि खेड्याकडे परत जाण्याची हाक ज्यांच्याकडे आधीच फुरसत आहे त्यांना परवडेल, कष्टकऱ्याला नाही.

एम.ए.ला असताना आम्हाला व्हेब्लेनचा फुरसती वर्गाचा सिद्धांत होता, 1899 सालचा. त्यावर दहा गुणांचे टिपण लिहून पासही झालो. अमेरिकेतल्या श्रीमंतांची रिकामटेकडी शान आम्ही पाठ केली, पण ज्यांना फुरसत कधी मिळूच दिली गेली नाही त्यांच्या बाजूने बाबासाहेबांनी काय मांडले आहे, हे आमच्या वर्गात एकदाही कुणी सांगितले नाही. सांगणाऱ्यांनी ते वाचले नसावे, किंवा वाचून बाजूला ठेवले असावे.

मंगळवार, बुधवार कोरे. एका मुलीच्या जात पडताळणीच्या कागदांत गेले.

गुरुवारी लाईट गेली म्हणून गच्चीवर बसलो आणि मोबाईलच्या उजेडात आईला उर्मिला पवारांचे 'आयदान' वाचून दाखवायला घेतले. 2003 साली आलेले हे पुस्तक आम्ही पूर्वी एकदा वाचले होते, पण मोठ्याने वाचणे ही वेगळीच गोष्ट. कोकणातल्या त्या घरात आई बांबूची सुपे-टोपल्या विणते आणि त्यावर संसार चालतो. आमच्या आईने मध्येच अडवले. "आपल्याकडे हे काम बुरडायचे. तिकडे आपली मानसं करत होती का?" हो म्हटले. ती जरा वेळ काही बोलली नाही. आम्ही पान उलटायला थांबलो तर म्हणाली, "काहून वं, थांबली काहून?"

आईने चाळीस वर्षे विड्या वळल्या. भंडारा जिल्ह्यात आमच्या वस्तीत घरोघर तेच होते. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, पहाटेपासून कंदिलापर्यंत. मजुरी हजारावर. ठेकेदार खराब म्हणून किती बाजूला काढेल याचा नेम नाही, म्हणून हात थांबवायचा नाही. आता काम सुटले, पण ऐकताना तिची बोटे अजूनही पदराचे टोक वळत असतात. आम्ही विचारले, तेव्हा कुणी वाचून दाखवत होते का? ती म्हणाली, लग्नाआधी तिच्या बापाकडे दर आठवड्याला एक पेपर यायचा, गल्लीत एकालाच वाचता येत होते, तो मोठ्याने वाचायचा आणि बाया विड्या वळत ऐकायच्या. पेपरचे नाव तिला आठवत नाही. 'प्रबुद्ध भारत' असावा असे आम्हाला फार वाटते, पण आपल्याला वाटते म्हणून ते आईच्या तोंडी घालणे बरे नव्हे.

यावरून क्युबा आठवला. हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून वाचक ठेवण्याची पद्धत आहे. उंच जागी बसून तो वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचतो, खाली कामगार तंबाखू वळत ऐकतात. सुरुवातीच्या काळात त्याचा पगार मालक देत नव्हता, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत. मालकांना आणि स्पॅनिश सरकारला त्या वाचनाची धास्ती वाटली आणि बंदीही आली. हात बांधलेले असले तरी कान मोकळे ठेवता येतात, हे भंडाऱ्याच्या बायांना कुणी हवानाहून येऊन शिकवले नव्हते.

शनिवारी 'कोर्ट' पुन्हा पाहिला. चैतन्य ताम्हाणेंचा हा चित्रपट, त्यात लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका आपल्या नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली. 2021 साली कोरोनाने ते गेले, त्यामुळे पडद्यावर त्यांना पाहताना घसा दाटतो. पूर्वी आम्ही हा चित्रपट न्यायव्यवस्थेवरचा म्हणून दाखवत आलो, त्यावर चर्चाही घेतल्या. सोमवारच्या वाचनानंतर तो वेगळाच दिसला. वकील मोठ्या दुकानात खरेदी करतो, गाडीत जॅझ ऐकतो. सरकारी वकील बाई घरच्यांसोबत नाटकाला जातात. शेवटी न्यायाधीश उन्हाळी सुट्टीत रिसॉर्टवर बाकावर डुलकी घेतात. ज्याच्या मृत्यूवरून खटला उभा राहिला तो गटारात उतरणारा माणूस मात्र आपल्याला एकदाही निवांत दिसत नाही, दिसतच नाही. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले की नाही याच्याशी आम्हाला देणेघेणे नाही. ज्यांना फुरसत आहे त्यांची फुरसत इतक्या शांतपणे दाखवणारा दुसरा मराठी चित्रपट आम्हाला तरी आठवत नाही.

आता रविवार, आणि खरे भांडण.

आमच्या भागातल्या विहारात एक लोखंडी कपाट आहे. त्यात बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती', 'बलुतं', वसंत मून यांचे 'वस्ती', खैरमोडेंच्या चरित्राचे काही सुटे खंड. कुणी कुणी दिलेली, सहा डिसेंबरला दादरहून आणलेली, दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून घेतलेली. विहारात अभ्यासिका चालते. पोरे पहाटे पाचला येतात, पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करतात. कमिटीचे म्हणणे, कपाट काढले तर चार टेबलांची जागा होते, पुस्तके तशीही कुणी नेत नाही, देऊन टाका. एक जण "रद्दी" म्हणाला. मग आमचा आवाज चढला, तो चढायला नको होता.

कारण चार टेबले म्हणजे चार पोरे, हे आम्हालाही दिसते. कपाटापाशी बसणाऱ्या एकाच्या हातात आम्ही बागूल दिले तेव्हा त्याने विचारले, "ताई, हे पेपरला येते का?" नाही म्हटले. त्याने पुस्तक आदराने परत ठेवले. त्याच्यावर चिडायचे कशाला? त्याचे वय निघून चालले आहे, जागा निघत नाहीत, घरून दर आठवड्याला फोन येतो. त्याच्याकडे फुरसत नाही आणि ती त्याने स्वतः घालवलेली नाही. पण ज्या बापाने राजगृह बांधताना पुस्तकांच्या जागेचा विचार आधी केला, ज्याने म्हातारपणी व्हायोलिन शिकायला घेतले, त्याच्या लेकरांनी परीक्षेबाहेरचे एक पानही वाचू नये, हे आम्हाला पटत नाही. त्या ज्येष्ठांना आमचे उत्तर हेच. वेळ मिळत नाही, साहेब. आम्ही तो काढतो, आणि त्या पोरालाही काढता आला पाहिजे, म्हणून भांडतो.

सध्या ठरले ते असे. कपाट जिन्याखाली गेले. थोडी ओल आहे, खालच्या खणात काही ठेवायचे नाही. किल्ली आमच्याकडे, बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ. तीन महिने पाहायचे, मग कमिटी पुन्हा बसेल. रजिस्टरमध्ये पहिली नोंद त्याच पोराची पडली, पुस्तक 'वस्ती'. नागपूरचे आहे म्हणून नेतो म्हणाला. वाचेल की नाही, सांगता येत नाही.

'आयदान'ची निम्मी पाने उरली आहेत. आज लाईट आहे, तरी आई गच्चीवर चटई टाकून बसली आहे.