कुजलेलं लाकूड

तापीपलीकडच्या एका जिनिंगच्या वखारीतून ती 1931 ची शेवरलेट भुसावळला आमच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून आली. पत्रा गंजलेला, आतलं लाकूड वाळवीनं खाल्लेलं. दार ओढलं तर बिजागरीसकट हातात आलं. मी खाली पडलेले लाकडाचे तुकडे झाडून गोळा केले आणि बंबात घालायला निघालो, तेवढ्यात माझे उस्ताद मिस्त्रीबाबा ओरडले, "ठेव ते खाली! नकाशा जायतो का रे भो?"

साल 1987. मी आयटीआयतून वेल्डिंग शिकून आलो होतो. गाडी म्हणजे लोखंड, अशी माझी पक्की समजूत होती. बाबांनी मला आठ दिवस हातोडा धरू दिला नाही. फक्त तुकडे गोळा करायचे, खडूनं नंबर घालायचे, गोणपाटावर जागच्या जागी मांडायचे. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा गाड्यांची बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर चुकांनी ठोकलेला पत्रा. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत शेवरलेट जोडत होती, पण त्या बॉडीचे नकाशे भुसावळला कोण आणून देणार? कुजलेला खांब हाच नकाशा. त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा काढायचा. डावा खांब वाळवीनं खाल्ला असेल, तर उजव्याचा फर्मा उलटा करून वापरायचा. दोन्ही गेले असतील, तर पत्र्याच्या आतल्या बाजूला लाकडाचा डाग कुठपर्यंत आहे ते पाहायचं. हे शेवटचं मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

बाबा मूळचे सुतार. तरुणपणी माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. जीआयपी रेल्वेनं 1915 साली डबे-वाघिणींसाठी उभारलेला तो कारखाना. तेव्हा डब्यांची अंगं सागवानी असत. 1955 साली पेरांबूरच्या कारखान्यातून पोलादी डबे निघू लागले आणि लाकडी डबे हळूहळू भंगारात जाऊ लागले. निवृत्त झाल्यावर बाबांनी जामनेर रोडला शेड टाकली आणि लिलावात निघालेल्या जुन्या डब्यांचं सागवान जिथे मिळेल तिथून घेऊन ठेवलं. त्यामागचं कारण भुसावळच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वखारीतून नवं लाकूड आणून सांगाडा केला, तर एका उन्हाळ्यात सांधे उघडे पडतात. डब्याचं लाकूड चाळीस-पन्नास उन्हाळे सोसून जे काही आकसायचं ते आधीच आकसलेलं असे. बाबा त्यावर खतावणीनं रेघ मारायचे, कुसू कापायचे, आणि कुसू भोकात हातानं अर्धं गेलं पाहिजे, उरलेलं मोगरीच्या दोन ठोक्यांत, असा त्यांचा नियम होता. तिसरा ठोका लागला की कुसू बाहेर काढायला लावत.

पत्र्याचं काम मला लवकर जमलं. मडगार्डचा फुगवटा वाळूच्या थैलीवर मोगरीनं काढायचा, मग डॉली आतून धरून हातोडीनं गुळगुळीत करायचा. मी जोर लावला की बाबा म्हणत, "मारू नको, बसव त्याले." अॅल्युमिनियमचा पत्रा तापवताना त्यावर कपड्याचा साबण चोळायचा, साबण काळा पडला की आच काढायची, पत्रा मऊ झालेला असतो. अॅल्युमिनियम लाल होत नाही, एकदम वितळतं, म्हणून ही खूण.

माझी मोठी चूक दारात झाली. चॅसी ठोकळ्यांवर असतानाच मी चारही दारं बसवली. फट मोजायला बाबांकडे रेल्वेची जुनी पुठ्ठ्याची तिकिटं होती. चार तिकिटं एकावर एक म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. सगळीकडे चार तिकिटं बरोब्बर बसली. मग गाडी चाकांवर उतरवली, तर डावं मागचं दार वरच्या कोपऱ्यात घासू लागलं आणि खाली बोट जाईल एवढी फट पडली. मी गुपचूप खालच्या फटीत पुटी भरली. दुसऱ्या दिवशी बाबांनी ती नखानं उकरून काढली. रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यांनी चारही दारं उतरवायला लावली. गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी केली, सीटच्या जागी सरकीची पोती ठेवली. चॅसी वजनानं वाकते, पिळली जाते. ती वाकून स्थिर झाल्यावरच दार मोजायचं. "आधी गाडी बसू दे, मंग दार." बिजागरीखाली पातळ पाचरी घालत ते काम आम्ही तीन दिवस केलं. दारांच्या तळाशी पाणी जायला भोकं पाडायलाही त्यांनी तेव्हाच शिकवलं. मूळ लाकूड कुजलं होतं ते तिथूनच, साचलेल्या पाण्यानं. शेवटी सगळ्या सांगाड्याला बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन हात दिले.

बाबांकडे रेल्वेचं प्रमाणपत्र होतं ते सुतारकामाचं. मोटारीच्या बॉडीचं कुणी त्यांना दिलं नाही, त्यांनीही मला दिलं नाही. त्यांना जाऊन आता वीस वर्षांहून जास्त झाली. त्यांची खतावणी आणि ती चार तिकिटं माझ्या पेटीत आहेत. वरच्या तिकिटावर भुसावळ ते सावदा छापलेलं आहे.

खानदेशात एखाद्या वखारीत, गोठ्यात, वाड्याच्या मागच्या खणात अशी गाडी अजून उभी असेल. तुमच्या घरी असेल तर माझी एकच विनंती आहे. ती विका, ठेवा, दुरुस्त करा, काहीही करा. पण आतलं लाकूड कितीही भुसभुशीत झालेलं असलं तरी फेकू नका. कोणता तुकडा कुठला ते लिहा, सुतळीनं बांधा आणि कोरड्या जागी ठेवा.