टूहीबाई

कंबरेतून एपिड्युरल, म्हणजे मेंदूमज्जेच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत भूल, द्यायची तयारी झाली की निर्जंतुक ट्रेमध्ये एक वाकड्या नाकाची सुई दिसते. या आमच्या टूहीबाई.

नाकाचा त्यांना भारी तोरा. सुईने मांसाचा कण कातरून आत नेऊ नये, म्हणून सिॲटलच्या राल्फ ह्यूबर या दंतवैद्याने तो बाक घडवला. 1945 मध्ये भूलतज्ज्ञ एडवर्ड टूहींनी त्याच टोकाच्या सुईतून कंबरेत नळी सरकवली, आणि बाईंना त्यांचं आडनाव लागलं. 1947 मध्ये हवानात भूलतज्ज्ञ मॅन्युएल मार्टिनेझ कुर्बेलोंनी त्यांना एपिड्युरलच्या पोकळीत नेलं. तेव्हापासून बाई तिथेच नांदतायत.

अंग आठ सेंटिमीटरचं, दर सेंटिमीटरला एक पट्टा. बाहेर तीन सेंटिमीटर उरले की आत पाच गेले.

पण आधीच विचारा, ‘‘बाई, किती खोल?’’ उत्तर मिळणार नाही. मोठ्या माणसात बहुतेकदा चार ते सहा सेंटिमीटर. सडपातळ अंगात तीनवरही पोकळी सापडते, खूप स्थूल अंगात कधी आठही अपुरे पडतात. सोनोग्राफी आकडा देते, पण प्रोब दाबला की मांसही दबतं आणि आकडा कमी दिसतो. शिवाय बाई जरा तिरप्या निघाल्या तर वाट लांबते. त्या आकडा ऐकून घेतात, विश्वास मात्र सिरिंजवर.

बोलतात त्या दट्ट्यातून. त्वचा, चरबी ओलांडली की अस्थिबंध लागतो, कच्च्या पेरूत सुरी रुतावी तसा. सलाईन भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या दाबला तर जागचा हलत नाही. मग पिवळा अस्थिबंध, लिगामेंटम फ्लेवम, सगळ्यात हट्टी. इथे मिलिमीटर मिलिमीटरने जायचं. डाव्या हाताची मागची बाजू पाठीला टेकलेली, तोच ब्रेक. प्रसूतीची कळ येऊन रुग्ण हलली, की थांबायचं. आणि एका क्षणी दट्ट्या लोण्यात गेल्यासारखा आत जातो. हा क्षण कितीदाही अनुभवला तरी माझा श्वास तेवढ्यापुरता थांबतोच.

घाई त्यांना खपत नाही. पुढे काही मिलिमीटरवर मेंदूमज्जेचं आवरण. ते भोसकलं तर रुग्णाला बहुतेकदा उठून बसलं की ठणकणारी, आडवं झालं की उतरणारी डोकेदुखी लागते. नुकत्याच आई झालेल्या बिचारीला बाळाला मांडीवर घेऊन बसणंही नकोसं होतं.

आणि स्वभाव मत्सरी! पोटातून नळी पुढे गेली की ती मागे ओढायची नाही. ओढली तर वाकड्या नाकाच्या धारेने कापून टाकतील, तुकडा आतच राहील. नळी काढायची तर दोघींना एकत्रच.

आज एका प्रसूतीत पट्टे मोजून, बाईंना नळीवरून बाहेर घेऊन कागदावर लिहिलं : पोकळी 5 सेंटिमीटर, नळी त्वचेपाशी 9. म्हणजे चार सेंटिमीटर नळी आत. चिकटपट्टी लागली. पंधरा-वीस मिनिटांत कळांची धार बोथट झाली, रुग्ण कुशीवर वळून डोळे मिटून पडली. बाई तोवर पांढऱ्या डब्यात, वापरलेल्या सुयांमध्ये.