पसरणीच्या घाटातला ठोका

मे महिना, दुपारचे बारा, वाईबाहेरचा पंप. पोरानं नोझल उचलत विचारलं, "साधं का पॉवर?" मी तोंड उघडायच्या आत मागं बसलेला मेहुणा बोलला, "दाजी, घाट चढायचाय. पॉवरच टाका." मेहुण्यासमोर लिटरमागं सहा-सात रुपयांचा हिशेब करणं बरं दिसत नाही. टाकी फुल केली.

माझी गाडी २०१४ सालची, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली. पसरणीचा घाट तिला नवा नव्हता; नवा होता तो मेहुणा, वजन ८५ किलो. तीन-चार वळणं बरी गेली. मग पुढं एसटी आडवी आली. तिच्यामागं गाडी रेंगाळली आणि एसटीनं बाजू दिली तशी मी चौथ्या गिअरवरच मूठ पिळली. वेग वाढेना, आणि खालून आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा. मूठ सैल केली की बंद, पिळली की पुन्हा चालू.

"भेसळ दिसतीय," मेहुण्यानं निकाल दिला. मीही त्या पंपाला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.

पाचगणीत एक गॅरेज दिसलं. मिस्त्रीनं गाडीकडं न बघता मलाच विचारलं, "कितव्या गिअरला हुता?"

"चौथ्या."

"डबलशीट?"

"हो."

"मग गिअर पाडायचा की! गाडी काय बैल हाय व्हय, वढ म्हणलं की वढायला?"

इंजिन निवेपर्यंत त्यानं चहा पाजला. मग प्लग काढून उजेडात धरला. टोकाला काळी खरपुडी. आत पिस्टनच्या डोक्यावरही असाच कार्बन असणार म्हणाला. प्लग घासून परत बसवला आणि पेट्रोलचं नावसुद्धा काढलं नाही. शिव्या घातलेला पंप बिचारा निर्दोष सुटला.

ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून पसरत जाते. पण कोपऱ्यात दाबलं गेलेलं, तापलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपणहून भडकलं, तर तो ठोका ऐकू येतो. चढावर वरच्या गिअरला इंजिन रखडत ठेवून मूठ पिळली की असा भडका व्हायला भरपूर वेळ मिळतो. पेट्रोल किती दम धरतं, एवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो. शुद्ध आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य असं माप धरलेलं आहे; ९१ म्हणजे या दोघांच्या ९१ आणि ९ भागांच्या मिश्रणाइतका दम. ताकदीचा तो आकडाच नव्हे. माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन साडेनऊला एक, तिला ९१ पुरेसं. मेहुण्याची केटीएम ३९० साडेबाराच्या आसपास. जास्त दाबाच्या इंजिनाला जास्त दमाचं पेट्रोल मानवतं, तेव्हा तो बोलत होता ते स्वतःच्या टाकीपुरतं ठीक होतं. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल दिल्लीत आणलं तेव्हा ते लिटरला १६० रुपये होतं. माझ्या गाडीत ते ओतणं म्हणजे तट्टाला केशरी दूध.

खरी गंमत वर होती. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकडच्या चढावर मी मुद्दाम चौथ्यावर मूठ पिळून पाहिली. आवाज नाही! प्लग घासला होता, ऊनही कमी होतं, पण त्याखेरीज हवाही विरळ होती. हे गाव साधारण १३५० मीटरवर. समुद्रकाठापेक्षा हवेचा दाब इथं १५ टक्क्यांनी कमी. सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरते, दाब कमी पडतो, ठोक्याची शक्यताही घटते. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या डोंगराळ भागात साधं पेट्रोल कमी ऑक्टेनचं विकतात ते याच हिशेबानं. म्हणजे ज्या गावासाठी मी महाग पेट्रोल भरलं, तिथं त्याची गरज वाईपेक्षाही कमी. शिवाय कार्बोरेटरला विरळ हवेचा पत्ता नसतो. तो पेट्रोल जास्तच सोडतो, गाडी जडावते आणि प्लग आणखी काळा होतो.

आता साध्या पेट्रोलमध्येच २० टक्के इथेनॉल आलंय आणि त्याचा ऑक्टेन ९५ झाल्याचं सरकार सांगतं. दमाची ददात मिटली. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं कमी, त्यामुळे ॲव्हरेजची आणि जुन्या रबरी नळ्यांची चिंता मात्र मागं लागलीय.

त्याच वर्षी दिवाळीत आम्ही पुन्हा निघालो. मेहुणा तोच, वजन तेच, किंवा थोडं जास्त. वाईत तो टपरीवर चहा घेत होता तेवढ्यात मी साधं पेट्रोल भरून आलो. घाटात चढ दिसला की तिसरा, वळण आलं की दुसरा. पाचगणी दिसायला लागली तरी खालून आवाज नाही.

"बघा दाजी," तो मागून म्हणाला, "पॉवर टाकलं की कसा फरक पडतो!"

मी दुसऱ्यावर गिअर पाडला आणि "हो ना" म्हणालो.