मालवणच्या पाण्याखाली

मालवणला येणारा आधी सिंधुदुर्ग किल्ला पाहतो, मग ताटातली सुरमई. तटाभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे, हे अनेकांच्या गावीही नसतं. १९८७ साली इथला २९.१२ चौरस किलोमीटर परिसर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आज पाणी नितळ होतं, म्हणून मुखवटा लावून खाली डोकावलो. दगडासारखं दिसणारं प्रवाळ ही चिमुकल्या जिवांची वसाहत. काही जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. होडीच्या नांगराचा एक घाव पुष्कळ वर्षांची वाढ मोडतो. तिकडे वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतात. आपण पाहुण्यांनी निदान एवढं करावं: पाण्यात जरूर उतरावं, प्रवाळावर पाय मात्र ठेवू नये.