आबा, चौथी तोटी बंद आहे

मी पहूरची. जळगावहून अजिंठा लेणी बघायला निघालात की वाटेत लागतं ना, तेच. तिथून जरा पुढे गेलं की वाकोद, भवरलाल जैन यांचं गाव. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ज्यांनी ठिबक सिंचन जळगावच्या शेतांत रुजवलं आणि मग देशभर नेलं, ते भवरलाल जैन. थोडक्यात काय, तर आमच्याकडे पोरांना सायकलच्या आधी ठिबकची काळी नळी ओळखता येते.

आणि माझ्याच बाल्कनीतला मोगरा पाण्यावाचून वाळला!

आता मी पुण्यात असते, वाकडला. (वाकोद ते वाकड हा विनोद ऑफिसात करून झालाय. कुणी हसलं नाही.) चौदा कुंड्या आहेत. बाकीच्या तेरा गेल्या असत्या तरी मी नर्सरीत जाऊन नव्या आणल्या असत्या. मोगरा मात्र आईचा. दोन वर्षांपूर्वी आई गेली. सगळं आटोपून पुण्याला निघाले तेव्हा आबांनी अंगणातल्या मोगऱ्याचा एक फुटवा मुळासकट काढला, तेलाच्या रिकाम्या डब्यात लावला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर तो डबा मांडीवर घेऊन बसले होते.

मेमध्ये मैत्रिणींबरोबर चार दिवस गोव्याला गेले. परत आले तर पानं हाताला पापडासारखी लागत होती. सुक्या फांद्या छाटल्या. खाली एकच काडी हिरवी निघाली. त्या रात्री ठरवलं, आता ठिबक. लगेच ऑनलाइन किट मागवलं. शनिवारी दुपारी नळ्या जोडल्या, वीस लिटरचा पाण्याचा कॅन स्टुलावर ठेवला, कॉक उघडला आणि विजयी मुद्रेने कॉफी करायला गेले.

दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर माझं ठिबक धो धो चाललं होतं. जमिनीवरच्या कुंड्या तुडुंब भरल्या होत्या आणि ग्रिलला टांगलेल्या पाच कुंड्यांत थेंबही नव्हता.

मग नाइलाजाने आबांना फोन लावला. नाइलाजाने अशासाठी, की आई गेल्यापासून आमचा फोन चाळीस सेकंदांचा झाला होता. ‘जेवली का?’ ‘हो. तुम्ही?’ ‘हो. ठेवू मग?’ संपलं. त्यात शेतीबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. ‘तू अभ्यास कर’ एवढंच. केला अभ्यास, आले पुण्यात.

पण त्या दिवशी मी गूगल करून तयार होते. म्हटलं, ‘‘आबा, इस्रायलच्या सिम्खा ब्लास नावाच्या इंजिनीअरला म्हणे गळक्या नळाजवळचं एकच झाड जोमानं वाढलेलं दिसलं, आणि त्यावरून हे सगळं सुचलं. १९६५ मध्ये तिथल्या एका किबुत्झनं त्याच्या तोट्या बनवायला घेतल्या.’’

‘‘बरं,’’ आबा म्हणाले. ‘‘तू तोटी कितीची घेतली?’’

‘‘चार लिटरची. म्हणजे तासाला चार लिटर.’’

‘‘अन् टाकी किती उंच?’’

‘‘स्टुलावर. दीड फूट.’’

पलीकडे शांतता. मग ते हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

‘‘माय, ते चार लिटर दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाला. तुझ्या स्टुलाला नाही. अन् कॅनच्या वर टांगलेल्या कुंडीत पाणी चढंल कसं?’’

मग पाऊण तास शिकवणी झाली. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. टाकी सगळ्यात वरच्या कुंडीपेक्षा किमान दोन-तीन फूट उंच हवी. भरलेला वीस लिटरचा कॅन वीस किलोच्या वर जातो, तेव्हा तो रेलिंगवर नाही, भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी स्टँडवर ठेवायचा. मीटरभर उंचीवरून चार लिटरची साधी तोटी तासाला जेमतेम सव्वा लिटर देते, आणि कुंडीला तेवढं पुरतं. दाब कमी-जास्त झाला तरी सारखं पाणी देणाऱ्या महागड्या तोट्या घरी घेऊ नका, त्या एवढ्याशा दाबावर नीट चालतच नाहीत. कुंड्या शक्यतो एका उंचीवर ठेवा, नाहीतर खालच्या कुंड्या सगळं पाणी ओढून घेतात. कॉकनंतर लगेच जाळीची चाळणी, म्हणजे फिल्टर बसवा. नळी काळीच हवी, पारदर्शक नळीत उन्हानं शेवाळ धरतं. टायमर घेणार असाल तर ‘दाबाशिवाय चालतो का?’ हे आधी विचारा. बॉल व्हॉल्व्हचा चालतो, सोलेनॉइडवाला बहुतेक वेळा उघडतच नाही.

आणि शेवटची परीक्षा. ‘‘सगळ्या तोट्यांखाली पेले ठेव. दहा मिनिटांनी बघ, सगळ्यांत सारखं पाणी आलं का.’’

रविवारी सकाळी सहा वाजता बाल्कनीत चौदा स्टीलचे पेले मांडले. मैत्रीण डोळे चोळत आली आणि विचारती झाली, ‘‘एवढ्या लोकांना चहा?’’ तेरा पेले जवळपास सारखे भरले. मोगऱ्याचा, म्हणजे कॅनपासून चौथा, कोरडा.

‘‘आबा, चौथी तोटी बंद आहे.’’

‘‘कचरा अडकला असंल. काढून उलट्या बाजूनं फुंक मार. तुझी आई तेच करायची.’’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आई?

मग ते बोलत राहिले. आमच्या केळीत पाटाचं पाणी होतं तेव्हा लाइट रात्री दोनला यायची आणि दोघं बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. चिखलात, थंडीत. एकदा आईच्या पायाशेजारून साप गेला, तेव्हा आबांनी कर्ज काढून ठिबक घेतलं. नळ्या आईनंच अंथरल्या. रोज सकाळी मला शाळेत पाठवलं की ती केळीच्या ओळीतून फिरायची. ज्या खोडाशी माती कोरडी, तिथली तोटी काढायची, फुंकर मारून परत बसवायची. हजारो तोट्या होत्या. ‘‘मला कधी दिसायची नाही बंद तोटी,’’ आबा म्हणाले. ‘‘तिला लांबून दिसायची.’’

मला आई शेतात ‘जाते’ एवढंच माहीत होतं. तिथे ती काय करते, हे शाळेतून आल्यावर मी एकदाही विचारलं नाही. आणि तिनंही मला कधी नळीला हात लावू दिला नाही.

मी तोटी काढली, उलट्या बाजूनं फुंकर मारली. वाळूचा एक कण आणि ओठांवर क्षारांची खारट चव. परत बसवली. थोड्या वेळानं थेंब आला.

या गोष्टीला आता तीन महिने झालेत. मोगऱ्याच्या त्या एका काडीला सात पानं फुटलीत. फुलाचं अजून काही नाही. टायमर घेतला आहे, पण सुट्टीवर गेले तरच लावते. एरवी सकाळी स्वतः कॉक उघडते आणि चहाचा कप घेऊन कुंड्यांवरून नजर फिरवते. कोरडी माती लांबून दिसायला मला अजून वेळ लागेल.

आबांचा फोन मात्र रोज येतो. साडेआठला, मी कॅबमध्ये असताना. हल्ली ते ‘जेवली का’ विचारायचं विसरतात. थेट म्हणतात, ‘‘चौथी चालू आहे ना?’’